वेगवेगळे आकडे एकत्र वाचणारं जहाजाचं जुळं

२३ मार्च २०१९ रोजी ‘व्हायकिंग स्काय’ हे प्रवासी जहाज नॉर्वेच्या खडकाळ किनाऱ्याजवळ वादळात सापडलं. जहाजावर १,३७३ माणसं होती. चालू असलेले जनरेटर बंद पडले, प्रोपेलर थांबले आणि जहाज खडकांकडे वाहू लागलं. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलून न्यावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. चौकशीत कारण कळलं. वंगणतेलाच्या टाक्यांमध्ये तेल कमी होतं, त्यात जहाज इतकं हेलकावत होतं की पंपांपर्यंत तेल पोहोचेना.

शांत समुद्रात तेवढ्या तेलावर इंजिनं चालत होती. तेलाची पातळी आणि हवामानाचा अंदाज या दोन्ही गोष्टी जहाजावर ठाऊक होत्या. त्या एकत्र वाचल्या जाव्यात, यासाठीच मला डिजिटल ट्विन महत्त्वाचं वाटतं.

डिजिटल ट्विन म्हणजे एका ठरावीक जहाजाची संगणकातली प्रतिकृती. एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन जहाजंही काही वर्षांत वेगळी होतात. एकाच्या प्रोपेलरला मार बसलेला असतो, दुसऱ्याचं इंजिन जास्त झिजलेलं असतं. म्हणून प्रत्येकाचं जुळं स्वतंत्र. जहाजावरचे सेन्सर तापमान, दाब, टाक्यांची पातळी, पोलादावरचा ताण असं सगळं मोजतात आणि ते उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पोहोचतं. प्रतिकृतीत भौतिकशास्त्राची समीकरणं असतात. या वाऱ्यात, एवढ्या मालासह, या वेगाला इंजिनाला किती शक्ती लागायला हवी, हे ती आधी सांगते. प्रत्यक्ष जहाजाने त्याहून जास्त शक्ती घेतली, तर त्या फरकातच बातमी असते.

तळावर शेवाळ आणि शिंपले चढले की पाण्याचा विरोध वाढतो, पण तो वाऱ्या-लाटांच्या विरोधात मिसळून जातो. ट्विन वारा, लाटा आणि माल यांचा वाटा वजा करतं. जे उरतं त्यावरून तळ कधी घासायचा हे ठरवता येतं. ताफ्यात पन्नास जहाजं असली, तर आधी कोणतं गोदीत न्यायचं याचं उत्तर अंदाजावर सोडावं लागत नाही. वेगाचा हिशेबही असाच. लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग १० टक्के उतरवला तर शक्ती सुमारे २७ टक्के कमी लागते. प्रवास लांबतो, तरीही त्या अंतराला इंधन सुमारे १९ टक्के कमी लागतं. पुढच्या बंदरात धक्का रिकामा नसेल, तर घाईने जाऊन नांगर टाकून थांबण्यात काहीच अर्थ नाही.

सर्वांत अवघड काम मात्र सांगाड्याचं. १७ जून २०१३ रोजी येमेनजवळच्या समुद्रात ‘एमओएल कम्फर्ट’ हे ३१६ मीटर लांबीचं कंटेनर जहाज मधोमध मोडून त्याचे दोन तुकडे झाले. ते जेमतेम पाच वर्षांचं होतं. सगळे २६ खलाशी वाचले. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोकं खाली झुकू पाहतात आणि तळाचे पत्रे दाबले जातात. हा ताण माल कुठे आणि किती ठेवलाय यावरही अवलंबून असतो. ट्विन तो क्षणोक्षणी मोजू शकतं, पण कंटेनरचं कागदावरचं वजन आणि खरं वजन वेगळं असेल तर त्याचंही गणित चुकतं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १ जुलै २०१६ पासून कंटेनर जहाजावर चढवण्याआधी त्याचं पडताळलेलं वजन देणं बंधनकारक आहे. मला तर ही अट कुठल्याही चकचकीत त्रिमितीय पडद्यापेक्षा मोलाची वाटते.

सेन्सरचंही तसंच. तो हळूहळू चुकीचं दाखवू लागला, तर जुळंही तेच खरं धरून बसतं. म्हणून ट्विनचा आकडा आणि टाकीवरच्या गेजचा, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या मापकाचा, आकडा जुळेनासा झाला, की इंजिनरूममधल्या माणसाने टेप घेऊन टाकीपाशी जावं आणि तेल हाताने मोजावं. टेपने ट्विनपेक्षा वेगळं सांगितलं, तर दुरुस्ती ट्विनमध्ये करायची.