रेंजच्या काठावरची घरं आणि छपरावरचा मोडेम

ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये दोन खासगी कंपन्यांनी ‘एअरफायबर’ या नावाने घरगुती ५जी जोडण्या द्यायला सुरुवात केली. गच्चीवर बसवायचा पांढरा डबा तेव्हापासून जाहिरातींत दिसू लागला आणि ही सोय नवीच आहे असा समज झाला. कोकणातल्या वाड्यांना आणि सातपुड्यातल्या पाड्यांना मात्र ही मांडणी जुनीच आहे. छपरावर अँटेना, घरात यंत्र आणि मध्ये एक केबल, हे तिथे २००० नंतरच्या दशकात होतं. मग ते मागे पडलं आणि आता वेगळ्या नावाने परत आलं आहे. मधल्या काळात ते का गेलं हे कळलं, की आज एका घरी जोडणी का मिळते आणि दोन घरं सोडून ‘फिजिबल नाही’ असं उत्तर का मिळतं, तेही कळतं.

त्याआधीचा काळ थोडक्यात. गावातले सार्वजनिक फोन एकेकाळी ‘एमएआरआर’ या रेडिओ पद्धतीवर चालत. ते इतके बंद पडायचे, की पुढे खास निधी उभारून बदलावे लागले. नव्वदच्या दशकात चेन्नईच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत ‘कॉरडेक्ट’ तयार झालं. १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, टॉवर आणि छप्पर एकमेकांना दिसत असतील तर १० किलोमीटरपर्यंत, बोलणं आणि ३५ किंवा ७० केबीपीएसचं इंटरनेट त्यावर चालत असे. भारतीय खेड्यासाठी भारतात आखलेलं हे तंत्र होतं. त्याला पुरेसा काळ आणि बाजार मिळाला नाही, कारण तोवर ‘डब्ल्यूएलएल’ या शब्दाचा अर्थच बदलू लागला होता.

डब्ल्यूएलएल म्हणजे वायरलेस लोकल लूप. टेलिफोन केंद्रापासून घरापर्यंतची जी शेवटची तार, तिला लोकल लूप म्हणतात. ती तार काढून तिथे रेडिओ वापरायचा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. म्हणजे एक टोक केंद्रात आणि दुसरं घरात, पक्कं बसवलेलं. डोंगराळ भागात खांब उभे करून तार ओढणं परवडत नाही, म्हणून लँडलाइन कंपन्यांना ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी लिलावाशिवाय मिळाल्या. या सवलतीमागचं समर्थन गाव आणि घर हेच होतं.

जानेवारी २००१ च्या मार्गदर्शक सूचनांनी याच परवान्यावर ग्राहकाला हँडसेट घेऊन फिरायची मुभा दिली. अट अशी, की फिरायचं ते कमी अंतराच्या शुल्कक्षेत्रात, म्हणजे साधारण एका तालुक्यात, एका एसटीडी कोडमध्ये. राजापूरचा कोड ०२३५३, लांज्याचा ०२३५१. राजापुरात घेतलेला हँडसेट लांज्यात चालू नये, अशी ती कल्पना. याचं नाव ‘लिमिटेड मोबिलिटी’, मर्यादित भ्रमण. त्यामुळे एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले: ‘डब्ल्यूएलएल-एफ’ म्हणजे छपरावरचा आणि ‘डब्ल्यूएलएल-एम’ म्हणजे खिशातला. परवाना आणि लहरी मात्र दोघांच्या एकच.

जीएसएम मोबाइल कंपन्यांनी याला मागच्या दाराने प्रवेश म्हटलं आणि दूरसंचार लवादात धाव घेतली. मार्च २००२ मध्ये त्यांची मागणी फेटाळली गेली. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा लवादाकडे पाठवलं. ऑगस्ट २००३ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने मर्यादित भ्रमण वैध ठरलं आणि नोव्हेंबर २००३ मध्ये लँडलाइन आणि मोबाइल दोन्हींसाठी एकत्रित परवान्याची पद्धत आली. मर्यादा गेली, भ्रमण राहिलं.

हा वाद आजवर कंपन्यांच्या नफा-तोट्याचा म्हणून सांगितला जातो. बोलण्याचे दर कोसळले आणि कोट्यवधी लोकांच्या हातात फोन आला, हा फायदा खराच आहे. पण रेंजच्या काठावरच्या घराचं त्यात जे गेलं, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. ते नुकसान आकड्यांत मांडता येतं. छपरावर आठ-नऊ मीटर उंच नळीवर बसवलेला यागी (जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा आडव्या दांड्यांचा) अँटेना आणि चिऱ्याच्या भिंतीआड हातात धरलेला हँडसेट, या दोघांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये सहज २० डीबीचा फरक असतो. डीबी म्हणजे डेसिबल, सिग्नल किती पट ते मोजायचं माप; २० डीबी म्हणजे शंभर पट. डोंगराळ भागात त्याचा अर्थ असा, की त्याच टॉवरपासून अंदाजे तिप्पट-चौपट लांबचं घर जोडता येतं. टॉवर कुठे उभारायचे हे हँडसेट धरून ठरवलं की ते शहरात आणि महामार्गालगत जातात. छपरावरचा अँटेना धरून ठरवलं की एका सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, टॉवरमध्ये खालच्या दहा वाड्या येतात. २००१ मध्ये पहिला मार्ग निवडला गेला. सवलत घराच्या नावाने घेतली आणि वापरली खिशासाठी, असं म्हणणं त्यामुळे वावगं ठरत नाही.

छपरावरचे संच मुख्यतः सरकारी कंपनीच देत राहिली. जीआय नळीवर किंवा बांबूवर यागी, तिथून खिडकीतून आत येणारी काळी आरजी-५८ केबल, टेबलावर आत बॅटरी असलेला फोनसंच, आणि तो संगणकाला जोडून #७७७ फिरवलं की १४४ केबीपीएसपर्यंत इंटरनेट. अडचण यायची ती केबलमध्ये. आरजी-५८ या पट्ट्यात मीटरमागे साधारण अर्धा डीबी खाते. १० मीटर केबलमध्ये ५ डीबी, म्हणजे यागीने कमावलेल्यातला अर्ध्याच्या आसपास भाग, वाटेतच संपतो. शिवाय एका पावसाळ्यात जोडातून पाणी शिरून तांब्याची जाळी हिरवी पडायची. बाहेरून केबल धडधाकट दिसे आणि फोन मात्र मुका. उपाय एकच: वरच्या टोकाची हातभर केबल कापायची, आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे जायचं आणि नवा जोड बसवायचा.

बाहेरचा अँटेना ते बाहेरचा मोडेम, हा बदल याच केबलमुळे झाला. वायमॅक्स ही बिनतारी ब्रॉडबँडची पद्धत २.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालली आणि त्या वारंवारतेला तीच केबल मीटरमागे सुमारे १ डीबी खाते. तेव्हा अख्खा रेडिओच अँटेनाच्या पाठीला चिकटवला आणि खाली फक्त इथरनेटची केबल आणली. वीजही त्याच केबलमधून वर गेली. इथरनेटमध्ये १०० मीटरपर्यंत सिग्नलचा प्रश्न उरत नाही. आजचा ५जीचा डबा याच घडणीचा आहे. लोक त्याला अजून ‘अँटेना’ किंवा ‘छत्री’ म्हणतात, आणि त्यातून चुका होतात: मोडेम घरात आहे असं समजून वरच्या जोडाला कुणी जपत नाही.

२०१० मध्ये २.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव झाला तो ‘ब्रॉडबँड वायरलेस’ या नावाने, २० मेगाहर्ट्झचे गट करून. २०१३ मध्ये १,६५८ कोटी रुपये भरून त्याच लहरींवर बोलण्याची सेवा द्यायला परवानगी मिळाली. त्यावरही वाद झाला, याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१६ मध्ये फेटाळली गेली. निकाल कायद्याने बरोबर असेल, पण क्रम २००१ चाच होता: घराच्या इंटरनेटसाठी म्हणून निघालेल्या लहरी हातातल्या फोनकडे वळल्या. २.३ गिगाहर्ट्झ भिंतीतून फारसं आत जात नाही, त्यामुळे २०१६ नंतरच्या ४जीच्या लाटेत वाडीतली माणसं अंगणाच्या एका कोपऱ्यात उभी राहून बोलू लागली. २०२० च्या टाळेबंदीत मुलं अभ्यासासाठी सड्यावर चढली, त्याचं मूळ इथे आहे.

लांब जाणारा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा याच काळात विक्रीविना पडून होता. २०१६ मध्ये त्याची राखीव, म्हणजे लिलावातली किमान, किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये होती. कुणी बोली लावली नाही. २०२१ मध्ये ६,५६८ कोटी, तरीही नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आल्यावर एका कंपनीने १० मेगाहर्ट्झ घेतलं. मोकळ्या हवेत ७०० आणि ३५०० मेगाहर्ट्झमध्ये १४ डीबीचा फरक पडतो, झाडी आणि भिंती धरल्या तर त्याहून जास्त. सहा वर्षं हा पट्टा रिकामा ठेवणं हे काठावरच्या गावांसाठी महाग पडलं.

आता आजचं चित्र. ‘एअरफायबर’ या एका नावाखाली दोन गोष्टी विकल्या जातात. एक ५जीचा बाहेरचा मोडेम. दुसरी, परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला रेडिओ, ज्याला ‘यूबीआर’ म्हणतात. दुसऱ्याला टॉवर डोळ्यांनी दिसावाच लागतो, आणि शेजारी तसेच रेडिओ वाढले की वेग उतरतो. आपल्याकडे कोणता बसवला हे विचारून घ्यावं, कारण बिघाड शोधायची दिशा त्यावर ठरते.

‘फिजिबल नाही’ हे उत्तर बहुतेकदा टॉवरच्या वेळेशी निगडित असतं. कमकुवत सिग्नलच्या घराला तोच एक जीबी पोहोचवायला टॉवरला जवळच्या घरापेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो, आणि घर मोबाइलपेक्षा अनेक पट डेटा ओढतं. म्हणून कंपनी काठावरची घरं टाळते. तंत्राने घर जोडता येतं, हिशेबात बसत नाही. तपासणी घरात मोबाइल धरून झाली असेल तर ती छपरावर, मोडेमनेच करायला सांगावी.

मोबाइलवरच्या रेंजच्या दांड्या इथे उपयोगी नाहीत. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर दोन आकडे असतात. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद: उणे ९० पर्यंत चांगली, उणे ११० पर्यंत काम भागतं, उणे ११५ च्या खाली जोडणी तुटत राहते. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती: २० उत्तम, १० पुरेसं, ० ते ३ असेल तर ताकद कितीही असो, वेग मिळत नाही. सड्यावर उघड्यावर डबा लावला की आठ-दहा टॉवर एकदम दिसतात. आरएसआरपी उणे ८८ येतो आणि एसआयएनआर २. तोच डबा दोन मीटर खाली, मागच्या बाजूला भिंत येईल असा लावला तर ताकद उणे १०२ पर्यंत घसरते, पण एसआयएनआर १३-१४ वर जातो आणि इंटरनेट खऱ्या अर्थाने चालू होतं. डबा १० अंशांनी फिरवावा, दर वेळी मिनिटभर थांबावं आणि एसआयएनआर लिहून ठेवावा. अपलोडही तपासावं: टॉवर कित्येक वॅटने बोलतो, डबा जेमतेम पाव वॅटने, म्हणून काठावर आधी अपलोड मरतं आणि व्हिडिओ कॉलमध्ये फक्त आपला आवाज तुटतो.

पत्र्याच्या छपराखाली डबा लावू नये, पत्रा लहरी जवळजवळ अडवतोच. दीड इंची जीआय नळी भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्पने धरावी. तीन मीटरपेक्षा उंच गेली तर तिन्ही बाजूंनी तारांचे ताण द्यावेत, कारण वाऱ्यात पाच अंश वळलेला डबा तक्रार होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. केबल बाहेर वापरायची, उन्हाला टिकणारी, शुद्ध तांब्याची कॅट-६ असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल ३० मीटरवर व्होल्टेज पाडते, आणि जड डाउनलोड सुरू झालं की मोडेम आपोआप पुन्हा चालू होत राहतो. पीओई अडॅप्टर (इथरनेटच्या केबलमधून वर वीज पाठवणारे) २४ आणि ४८ व्होल्टचे दिसायला सारखे असतात. २४ च्या डब्याला साधा ४८ चा लावला तर डबा जळतो. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोल ठेवावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं आणि भिंतीत शिरत नाही. मोडेमचं केबल लावायचं तोंड खालीच असावं आणि तिथली रबरी ग्लँड (पाणी अडवणारी बूच) हाताने पूर्ण आवळलेली असावी. वळवाच्या विजांसाठी नळीला अर्थिंग आणि केबल आत येते तिथे सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) हवा. मराठवाड्यात आणि विदर्भात हे टाळलं तर मोडेमबरोबर राउटरही जातो.

पावसात वेग पडला की दोष पावसाला दिला जातो, पण ३.५ गिगाहर्ट्झला पावसाच्या थेंबांनी जाणवण्याइतका फरक पडत नाही. कारणं तीन असतात: जोडात गेलेलं पाणी, टॉवरचा मागचा मायक्रोवेव्ह दुवा (त्याची वारंवारता बरीच वर असते आणि तो पावसाने खरोखर मंदावतो), आणि ओली पानं. मे महिन्यात उघड्या फांद्यांतून टॉवर दिसतो म्हणून जागा ठरवली जाते, आणि जुलैत तीच रेषा पानांनी भरून जाते. पाच किलोमीटरच्या दुव्याला मधोमध ३.५ गिगाहर्ट्झवर सरळ रेषेभोवती सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. नुसता टॉवर दिसून भागत नाही. म्हणून कोकणात जागा ऑगस्टमध्ये, भर पावसात झाडं पूर्ण पालवलेली असताना ठरवावी. तेव्हा एसआयएनआर १० आला तर वर्षभर त्याहून खाली सहसा जात नाही.