माल्टची घरगुती गिरणी : देखभाल आणि बिघाड

मोड आणून भट्टीत वाळवलेला सातू, म्हणजेच माल्ट, बिअरसाठी भरडण्याचे लहान यंत्र. पिठाच्या गिरणीपेक्षा या गिरणीचे काम वेगळे असते. दाण्याच्या आतला पिठूळ गर फुटायला हवा आणि वरचे तूस शक्य तितके अखंड राहायला हवे. जात्यावर डाळ भरडणाऱ्या बाईला दाणा फुटावा पण त्याचे पीठ होऊ नये एवढे सांभाळावे लागते, तसेच हे काम आहे.

तुसाला एवढे महत्त्व आहे ते पुढच्या प्रक्रियेमुळे. भरड ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवली की माल्टमधली विकरे (एन्झाइम) स्टार्चची साखर करतात. मग तो गोड द्रव गाळून घ्यायचा असतो. भांड्याच्या तळाशी जाळी असली तरी खरी गाळणी म्हणजे जाळीवर बसलेला तुसांचा थर. तुसांचा भुगा झाला, तर हा थर चिखलासारखा घट्ट बसून द्रव झिरपायचा थांबतो, शिवाय चवीत तुरटपणा उतरण्याचा धोका वाढतो. दाणे अख्खे राहिले, तर साखर कमी मिळते. म्हणून गिरणीतला दोष बहुधा गिरणीपाशी कळत नाही. तो गाळताना किंवा साखर किती उतरली हे पाहण्यासाठी द्रवाची घनता मोजताना उघड होतो आणि तोवर उशीर झालेला असतो. पहिले मूठभर माल्ट भरडून, ते तळहातावर पसरून पाहिल्याशिवाय उरलेले भरडायला घेऊ नये. चांगल्या भरडीत अख्खा दाणा जवळजवळ सापडत नाही, गराचे चार-सहा तुकडे झालेले असतात, तुसे उघडलेली पण ओळखू येण्याजोगी असतात आणि पीठ थोडेच असते.

या गिरण्यांचा प्रसार मुख्यतः अमेरिकेत झाला. घरी बिअर करण्याला तिथे संघराज्याच्या कायद्याने मुभा देणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली. ब्रिटनमध्ये त्यासाठीच्या परवान्याची अट १९६३ मध्येच गेली होती. सुरुवातीला अनेकांनी लॅटिन अमेरिकेत मका दळण्यासाठी वापरली जाणारी, दोन खाचेदार तबकड्यांची ‘कोरोना’ ही हातगिरणी वापरली. ती स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण तबकड्यांमध्ये तूस घासून फाटते. पुढे दोन रोलरची गिरणी रुळली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. येथे अशा गिरण्यांचे मोठे रूप परवानाधारक मायक्रोब्रुअरींमध्ये, म्हणजे बिअरच्या लहान कारखान्यांमध्ये, दिसते.

दोन रोलरच्या गिरणीत एक रोलर हाताच्या दांड्याने किंवा ड्रिल मशीनने फिरतो. दुसरा बहुधा मोकळा असतो. मधल्या दाण्यांच्या घर्षणाने तो ओढला जातो. दोन्हींवर दाणा पकडण्यासाठी बारीक खाचा कोरलेल्या असतात. मोकळ्या रोलरची टोके विकेंद्री बुशांत, म्हणजे भोक मध्यापासून बाजूला असलेल्या गोल कड्यांत, बसवलेली असतात. बुश फिरवले की रोलर जवळ किंवा दूर सरकतो आणि फट बदलते. ही फट म्हणजे गिरणीचा प्राण. सातूच्या माल्टसाठी ती साधारण ०.९ ते १.१ मिलिमीटर ठेवतात. गहू आणि राय (गव्हासारखे एक धान्य) यांचे दाणे बारीक व कडक असल्याने त्यांना ०.६ ते ०.७५ मिलिमीटर लागते. गव्हाला तूस नसते, त्यामुळे तो बारीक झाला तरी तूस फाटण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून सातू आणि ही धान्ये वेगवेगळी भरडावीत. भरड कापडी पिशवीत घालूनच मुरवायची असेल, तर गाळण्याचे काम पिशवी करते आणि सातूचीही फट कमी ठेवता येते.

फट अंदाजाने लावू नये, त्यासाठी फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचे मोजमापाचे साधन, वापरावे. एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचे असते. ते गव्हासाठी चालेल, पण सातूसाठी त्यावर विसंबलात तर भरड बारीक पडेल. मोजमाप रोलरच्या दोन्ही टोकांना घ्यावे. एका टोकाला फट जास्त असेल, तर तिथून अख्खे दाणे निसटतात आणि दुसऱ्या टोकाला पीठ होते. सरासरी भरड ठीक दिसते आणि दोष लपून राहतो. स्क्रू आवळताना बुश किंचित सरकते, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजणे आवश्यक आहे. कंपनांनी स्क्रू हळूहळू सैल होतात. बुशावर आणि चौकटीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवली की सरकलेले लगेच दिसते.

सर्वांत जास्त तक्रार असते ती मोकळा रोलर अडण्याची. मशीन फिरते, दाणे वर नाचतात, खाली काहीच पडत नाही. अशा वेळी जोर वाढवू नये. हॉपर (दाणे ओतायचे वरचे भांडे) रिकामा करून, फट मोठी करून मोकळा रोलर बोटाने फिरवून पाहावा. तो जड फिरत असेल, तर बुशात पिठाची धूळ शिरून घट्ट झाली आहे. रोलर काढून बुश कोरड्या कापडाने पुसावे आणि खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या खनिज तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. स्वयंपाकाचे तेल घालू नये, ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरून ठेवते. रोलर रिकामा असताना सहज फिरतो आणि दाणे पडताच थांबतो, तेव्हा फट फार कमी झालेली असते किंवा खाचांत पीठ भरलेले असते. खाचा पितळी ब्रशने साफ होतात. काही गिरण्यांत मोकळ्या रोलरला ओढण्यासाठी रबरी कडी असते. ती सैल पडली किंवा तडकली तर बदलावी. मशीन आधी सुरू करून मग दाणे सोडण्याची सवय ठेवली, तर अडण्याचे निम्मे प्रसंग टळतात.

ड्रिल मशीन ताकदीचे पण संथ असावे. मिनिटाला १५० ते ३०० फेरे पुरेत. त्याहून वेगात तुसे फाटतात. मशीनचे वजन दांड्यावर लोंबकळू दिले, तर एकाच बाजूचे बुश झिजते आणि फट तिरपी होते. गिरणी फळीवर पक्की बसवून मशीनला खालून आधार द्यावा.

साफसफाई कोरडीच करावी. कार्बन पोलादाचे रोलर पाण्याने एका रात्रीत गंजतात. भरडण्यापूर्वी माल्टवर त्याच्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी शिंपडून दहा मिनिटे ठेवण्याची एक चांगली पद्धत आहे. त्याने तूस लवचीक होऊन अखंड राहते. पाणी जास्त झाले, तर खाचांत लगदा बसतो. म्हणून शेवटी मूठभर कोरडे माल्ट गिरणीतून काढावे. पावसाळ्यात उघडे राहिलेले माल्ट सादळते. ते फुटण्याऐवजी दबते आणि फट बरोबर असूनही भरड बिघडते. अशा वेळी गिरणीला हात लावण्याआधी दाणा दाताखाली चावून पाहावा. तो कुडकुडीत फुटायला हवा. हॉपरच्या कोपऱ्यात उरलेल्या दाण्यांत सोंडे आणि टोके वस्ती करतात, म्हणून काम संपताच ब्रश फिरवावा.

माल्टमध्ये कधी खडा किंवा लोखंडाचा तुकडा येतो. हॉपरच्या तोंडाशी लोहचुंबक लावावे. खडा मात्र नजरेनेच निवडावा लागतो. माल्टच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस जिवाणू भरपूर असतात आणि ते बिअर आंबट करून बिघडवतात. त्यामुळे भरडण्याचे काम थंड झालेल्या द्रवापासून आणि आंबवण्याच्या भांड्यांपासून दूर, हवेशीर जागी करावे. धूळ श्वासात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके किंवा मास्क बांधावा, आणि ती ज्वलनशील असल्याने जवळ विस्तव ठेवू नये.

खाचा झिजल्या की फट योग्य असूनही रोलर दाणा पकडत नाहीत आणि भरडायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. झीज मधल्या भागात आधी होते. लेथवर पुन्हा खाचा पाडून घेता येतात, मात्र त्यानंतर रोलरचा व्यास बदललेला असतो. जुन्या खुणा पुसून फट नव्याने मोजून लावावी लागते.