कोरी सीडी कोरी नसते

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कबुतरांवरून चर्चा पेटली. जुन्या सीडी बाल्कनीत टांगा, चकाकीने कबुतरं फिरकत नाहीत, असं एकाचं म्हणणं. घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यांच्या सीडीही टांगायच्या का, असं कुणीतरी विचारलं, तर उत्तर आलं, ‘बिनधास्त टांगा, लेझरने खड्डे पाडलेले असतात, ते उन्हाने थोडेच बुजणार?’

कबुतरांना चार दिवसांत सवय होते, ते सोडा. पण गाणी मात्र उन्हाने खरोखर जातात. खड्डे असतात ते दुकानातून आणलेल्या छापील सीडीत, कारखान्यात साच्यातून उमटवलेले. घरच्या डेकवर, म्हणजे सीडी रेकॉर्डरवर, भरायची ती सीडी-आर. तिच्यात पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा परावर्तक मुलामा आणि सर्वांत वर लॅकर. वाचताना ७८० नॅनोमीटरच्या लेझरची शक्ती एक मिलिवॉटही नसते. रेकॉर्ड करताना ती ४ ते ८ मिलिवॉटपर्यंत चढते, तेवढ्या ठिपक्यापुरतं रंगद्रव्य तापून विघटित होतं आणि तिथून प्रकाश कमी परततो. प्लेअरला तो काळपट डाग खड्ड्यासारखाच दिसतो. लेझरने क्षणात होणारं हे विघटन अतिनील किरणांनी सावकाश होतं, आणि मग डाग आणि कोरी जागा यांतला फरकच मिटत जातो.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. मला वेड लावलंय ते वेगळ्याच गोष्टीने. छापील सीडी वाचताना लेझर खड्ड्यांच्या माळेचा माग काढत जातो. कोऱ्या सीडीवर तर काहीच नाही. मग रेकॉर्ड करताना त्याला वाट कोण दाखवतं?

कोऱ्या चकतीत कारखान्यातूनच एक सर्पिल खाचण दाबलेली असते, डासांच्या कॉइलसारखी, आतून बाहेर जाणारी. शेजारच्या दोन फेऱ्यांतलं अंतर १.६ मायक्रॉन. पण ही खाचण गुळगुळीत सरळ नाही, ती डावी-उजवीकडे किंचित हेलकावत जाते. हेलकावा साधारण ३० नॅनोमीटरचा, म्हणजे त्या अंतराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. ७४ मिनिटांच्या एका चकतीत असे सुमारे ९ कोटी ७९ लाख हेलकावे असतात.

ते कशाला? चकती योग्य वेगाने फिरत असेल तर लेझरखालून सेकंदाला २२,०५० हेलकावे जातात, म्हणजे सीडीवर आवाजाचे सेकंदाला जे ४४,१०० नमुने असतात, त्यांच्या बरोबर निम्मे. डेक मोटर अशी सांभाळतो की हा आकडा कायम राहावा. त्यामुळे आतल्या फेऱ्यांवर चकती मिनिटाला ५०० च्या आसपास फिरते आणि कडेला पोचेपर्यंत २०० वर येते. लेझरला खाचणीच्या मधोमध ठेवणारी यंत्रणा या मानाने मंद आहे. ती सरासरी वाट धरते, हेलकाव्यामागे धावत नाही, म्हणून परतलेल्या प्रकाशाच्या डाव्या आणि उजव्या भागांतल्या फरकात हेलकावा शिल्लक उरतो. संगीताचा सिग्नल १९६ ते ७२० किलोहर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही.

शिवाय हेलकाव्याची वारंवारताही एक किलोहर्ट्झने वर-खाली केलेली असते, आणि त्या वर-खालीत बिट लपवलेले असतात. ७ हेलकाव्यांमागे १ बिट, सेकंदाला ३,१५०. त्यांच्या ७५ चौकटी पडतात, प्रत्येकीत ४२ बिट : ४ सुरुवात ओळखायला, २४ मिनिट-सेकंद-चौकट सांगायला, १४ चूक पकडायला. म्हणजे एक सूरही भरलेला नसताना चकतीच्या प्रत्येक जागेवर तिची वेळ लिहिलेली असते. हे मला आजही अफाट वाटतं.

याच बिटांत, अगदी आतल्या भागात, चकतीला साधारण किती लेझरशक्ती लागेल याचा अंदाज दिलेला असतो. तरी डेक त्यावर विसंबत नाही. आतल्या एका राखीव पट्ट्यात वेगवेगळ्या शक्तीने लिहून, वाचून बघतो आणि मगच ठरवतो. रेकॉर्डचं बटण दाबल्यावर डेक काही सेकंद गप्प बसतो तो यासाठी.

खाचणीतल्या त्या बिटांतच आणखी एक खूण असते : ही चकती ‘म्युझिक’ची की संगणकाची. घरगुती डेक फक्त म्युझिकवालीच घेतात, कारण काही देशांत तिच्या किमतीत संगीत कंपन्यांचं मानधन धरलेलं असतं. रंगद्रव्य, मुलामा सगळं तेच, आवाजात तसूभर फरक नाही. खूण खाचणीतच दाबलेली, त्यामुळे ती बदलताही येत नाही. ‘म्युझिक’ लिहिलंय म्हणून आवाज गोड येतो म्हणणारे, सीडीच्या कडेला हिरवं मार्कर फासून स्वर खुलवणारे आणि गाडीच्या आरशाला सीडी टांगून स्पीड कॅमेऱ्याला चकवू पाहणारे, हे सगळे लिंबू-मिरचीचेच भाऊबंद.

वाशीचे आमचे एक काका खासगी बैठकींच्या कॅसेट अशा डेकवर उतरवत. एका बाजूला कॅसेट डेक, लाल-पांढऱ्या पिनांची केबल आणि डोळे लेव्हलच्या मीटरवर, कारण टेप थोडा जादा आवाज सहन करते, डिजिटल मात्र शून्य डेसिबल या आपल्या कमाल मर्यादेच्या वरचं सरळ कापतं. त्यांची खरी डोकेदुखी वेगळीच होती. दोन-तीन सेकंद शांतता मिळाली की डेक नवा ट्रॅक सुरू करतो. संथ आलापीत गवई समेआधी, श्वासाला थांबला की ट्रॅक बदललाच! एकाच बडा ख्यालाचे अकरा तुकडे झालेली एक डिस्क मी पाहिली आहे. आपोआप ट्रॅक पाडायची सोय आधी बंद करायची, हा त्यावरचा उपाय.

अशा सीडी घरात असतील तर बंद कपाटात उभ्या ठेवा, आणि जपायची ती वरची बाजू. खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं कवच आहे, वर मुलाम्यावर फक्त लॅकर, त्यामुळे टोकदार बॉलपेनने नाव लिहिलं तरी इजा होते. आणि ‘फायनलाइज’ न केलेली, म्हणजे ट्रॅकची यादी कायमची न लिहिलेली, चकती साध्या प्लेअरला कोरीच वाटते, कारण ट्रॅकची यादी तोवर रेकॉर्डरच वाचू शकेल अशा तात्पुरत्या जागी असते. तेव्हा डेक भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येक डिस्क साध्या प्लेअरमध्ये एकदा घालून बघा. ज्या वाजणार नाहीत, त्या आधी त्याच डेकवर फायनलाइज करून घ्या.