राज्याच्या विधेयकावर गावाचा ठराव: कोण करू शकते, कागदपत्रे कोणती आणि पाठवायचा कुठे

विधिमंडळात एखादे विधेयक येते. त्याचा परिणाम ग्रामपंचायतीच्या उत्पन्नावर, सरपंचाच्या अधिकारांवर किंवा गायरानावर होणार असतो, आणि गावाला ते कळते कायदा लागू झाल्यावर. सरपंचाच्या निवडीचेच पाहा. २०१७ मध्ये थेट जनतेतून निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. पाच वर्षांत तीनदा बदललेल्या या नियमावर त्यांतल्या किती गावांनी आपले म्हणणे लेखी कळवले असेल? चावडीवर चर्चा सगळीकडे झाली, पण चावडीवरची चर्चा मंत्रालयात पोहोचत नाही. तिथे पोहोचतो तो रीतसर नोटीस काढून, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) भरून, सूचक-अनुमोदकासह (ठराव मांडणारा आणि त्याला दुजोरा देणारा) केलेला ठराव. दहा गावांनी तोच ठराव केला तर त्याचे वजन आणखी वाढते.

तो कसा करायचा, याची ही माहिती आहे. भर ग्रामपंचायतीवर आहे. नगरपालिका-महापालिकांचे वेगळे नियम पुढे थोडक्यात दिले आहेत.

आधी मर्यादा

असा ठराव विधिमंडळावर बंधनकारक नसतो. ‘स्थानिक शासन’ हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतला विषय आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले, पण त्यांना कोणते अधिकार द्यायचे हे ठरवायचे काम राज्याच्या कायद्याकडेच राहिले. लोक नियमगिरी डोंगराचा दाखला देतात: २०१३ मध्ये ओडिशात तिथल्या १२ ग्रामसभांनी नाही म्हटले आणि खाण थांबली. तो प्रकार वेगळा होता. तिथे वनहक्क कायद्याखालचे हक्क होते आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांपुढे नेण्याचा आदेश दिला होता. राज्याच्या विधेयकावरचा ठराव म्हणजे शिफारस. गावकऱ्यांना हे पहिल्याच सभेत स्पष्ट सांगा, नाहीतर पुढे ‘ठराव करूनही काही झालं नाही’ असा निरुत्साह पसरतो आणि पुढच्या सभेला कोणी येत नाही.

शिफारशीचा उपयोग होतो का? होतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. एका गावाची भूमिका महिन्याच्या आत राज्याची झाली.

ठराव कोण करू शकते

ग्रामसभा आणि ग्रामपंचायत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत फक्त निवडून आलेले सदस्य मत देतात. ग्रामसभेत गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण सदस्य असतो. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसाचे नाव गावच्या यादीत असेल तर त्यालाही बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क आहे. उलट, गावात वीस वर्षे राहणाऱ्याचे नाव यादीत नसेल तर तो बसून ऐकू शकतो, पण त्याचा हात मोजला जात नाही.

माझ्या मते विधेयकावरचा ठराव दोन्हीकडे करावा. मासिक सभेचा ठराव लवकर होतो, त्यामुळे विधेयकावर सूचना पाठवायची मुदत जवळ आली असेल तर तो आधी पाठवता येतो. ग्रामसभेचा ठराव मागून गेला तरी वजन त्यालाच जास्त, कारण तो अख्ख्या गावाचा असतो. त्याआधी होणाऱ्या महिलांच्या ग्रामसभेतही विषय घ्या. पाणी, दारू, रेशन, घराची मालकी अशा विषयांवर तिथे जे बोलले जाते ते मुख्य सभेत क्वचितच ऐकू येते.

प्रशासक असलेल्या, म्हणजे निवडणूक न झाल्याने अधिकारी कारभार पाहतो अशा संस्थेत सर्वसाधारण सभाच नसते. प्रशासकाच्या सहीचा ठराव कागदोपत्री चालेल, पण त्याला लोकप्रतिनिधींची भूमिका म्हणता येणार नाही. २०२२ नंतर बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे अशाच चालल्या. त्या काळात राज्याच्या कायद्यांवर त्या संस्थांचा आवाजच उमटला नाही, हे फार मोठे नुकसान झाले.

कोरम, नोटीस आणि सभेचा दिवस

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी, विशेष सभेची चार दिवस आधी निघते. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतले जे कमी असेल ते. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नसते, पण तिच्यात नवा विषय घेता येत नाही. म्हणून विषय मूळ नोटिशीतच आला पाहिजे. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या सदरात विधेयक ढकलू नका. ज्याला ठराव नको असेल तो पहिला आक्षेप इथेच घेईल.

विषय घालायचा असेल तर ग्रामसभेच्या सदस्याने साध्या कागदावर सरपंचांच्या नावे अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. नोटीस निघण्यापूर्वी हे व्हायला हवे. दवंडी झाली का, फलकावर नोटीस लागली का, याकडे लक्ष ठेवा आणि फलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सभेत विधेयकातले कलम मोठ्याने वाचा. विधेयकाची मराठी प्रत विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. ‘सरकारने काहीतरी कायदा आणलाय’ एवढ्यावर हात वर करायला लावणे गावाशी प्रामाणिक नाही. विरोध करणाऱ्याचे नाव आणि म्हणणे इतिवृत्तात घ्या. १४० विरुद्ध २२ असे लिहिलेला ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ असे ठोकळेबाज लिहिलेल्या ठरावापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो.

मसुदा

बहुतेक ठराव इथे फसतात. ‘सदर कायद्यास ग्रामसभेचा तीव्र विरोध आहे’ या वाक्याचे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काही करताच येत नाही. त्याच्यापुढे कलमवार तक्ता असतो. तुमचे वाक्य त्या तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात बसते, हे त्याला कळले पाहिजे. थेट निवडून आलेल्या सरपंचावरच्या अविश्वास ठरावाचे उदाहरण घेऊ. सदस्यांनी अविश्वास मंजूर केल्यावर तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. समजा, ही तरतूद काढण्याचे विधेयक आले. मग ठराव असा हवा:

‘विषय क्रमांक ४. सन ____ चे विधानसभा विधेयक क्रमांक ____ याबाबत ग्रामसभेचे मत कळविणे. ठराव: वरील विधेयकाच्या खंड ____ अन्वये ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये प्रस्तावित केलेली सुधारणा सभेत वाचून दाखविण्यात आली. सरपंचाची निवड मतदारांनी केली असल्याने त्यास पदावरून दूर करण्याच्या निर्णयासही मतदारांची मंजुरी आवश्यक आहे, असे या सभेचे मत आहे. सबब, उक्त खंड वगळण्यात यावा. तो ठेवावयाचा झाल्यास ग्रामसभेच्या मंजुरीची अट कायम ठेवावी. सूचक: ____. अनुमोदक: ____. बाजूने ____, विरोधी ____, तटस्थ ____. ठराव बहुमताने मंजूर.’

यात खंड क्रमांक आहे, कारण आहे, मागणी आहे, आणि ती मान्य झाली नाही तर पर्यायी मागणीही आहे. पर्यायी मागणी लिहायला लोक कचरतात, आपण नमते घेतले असे वाटेल म्हणून. पण प्रत्यक्षात बदल होतात ते बहुधा याच जागी.

एकच भूमिका अनेक गावांनी घ्यायची असेल तर

एका गावाने दुसऱ्याच्या वतीने ठराव करायची सोय नाही. प्रत्येक संस्थेचा ठराव तिच्याच प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, असावा लागतो. म्हणून आधी मसुदा एक करा आणि मग प्रत्येक गावाने तो आपल्या सभेत मंजूर करावा. मागणीची वाक्ये शब्दशः सारखी ठेवा, कारणांत मात्र प्रत्येक गावाने आपली एखादी खरी गोष्ट घालावी. नुसत्या झेरॉक्स ठरावांचा गठ्ठा ‘कुणीतरी लिहून दिलेला’ म्हणून बाजूला पडतो.

तालुक्याच्या पातळीवर यासाठी सरपंच समिती आहे. पंचायत समितीचे उपसभापती तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. बऱ्याच तालुक्यांत तिची बैठक नावालाच होते, पण मसुदा एक करायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही. पुढे जिल्हा परिषदेच्या सदस्यामार्फत सर्वसाधारण सभेत ठराव मांडता येतो. ही सभा तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते.

नगरपरिषदेत सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवसांची, विशेष सभेची तीन दिवसांची असते. महापालिकेत नगरसेवक ठरावाची सूचना देतो. शहरांची सामायिक भूमिका मांडण्यासाठी महापौर परिषद आहे. नागरिकाने मात्र आपल्या प्रभागाच्या नगरसेवकालाच धरावे, कारण शहरात ग्रामसभेसारखा थेट मताचा हक्क नाही.

गोव्याचे वाचक असतील त्यांच्यासाठी: तिथे गोवा पंचायत राज कायदा, १९९४ लागू आहे आणि ग्रामसभा रविवारी भरतात. राज्याच्या कायद्यावर बोलण्याची सवय तिथल्या ग्रामसभांना आपल्यापेक्षा जास्त आहे. नगरनियोजन कायद्यातल्या, जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या ३९ अ कलमाविरुद्ध अनेक गावांनी ठराव केले.

जोडायची कागदपत्रे

ठरावाची साक्षांकित नक्कल हा मुख्य कागद. त्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाची, सही आणि ग्रामपंचायतीचा गोल शिक्का हवा. ठराव क्रमांक, सभेची तारीख आणि इतिवृत्ताचा पान क्रमांक हवा. सोबत सभेच्या नोटिशीची प्रत, हजेरीच्या पानांची प्रत आणि सरपंचांच्या सहीचे जावक क्रमांकासह पत्र. अनेक गावांनी मिळून पाठवत असाल तर वर एक पानाचा तक्ता लावा: गावाचे नाव, ठराव क्रमांक, तारीख, बाजूने-विरोधी मते. वाचणारा हे पान नक्की वाचतो.

नक्कल देताना टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावायचे. माहिती द्यायची मुदत ३० दिवसांची. एवढ्यात विधेयकावर सूचना मागवणाऱ्या विधिमंडळ समितीची मुदत संपू शकते, म्हणून नक्कल सभेनंतर त्याच आठवड्यात मागून घ्या.

कुठे आणि कधी पाठवायचे

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले असेल तर ही सर्वात चांगली वेळ. समिती जाहिरात देऊन सूचना मागवते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीने तपास अधिकाऱ्याचा दर्जा उपनिरीक्षकावरून उपअधीक्षकापर्यंत वाढवण्यासारखे बदल सुचवले आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले. त्या कायद्याविषयी कोणाचे मत काहीही असो, लेखी सूचनांसाठी खिडकी उघडते ती याच टप्प्यावर. पत्र विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई ४०० ०३२ या पत्त्यावर, जाहिरातीत दिलेल्या अधिकाऱ्याच्या नावे, स्पीड पोस्टाने किंवा हातपोच द्या.

समितीकडे न जाता विधेयक एकाच अधिवेशनात मंजूर होणार असेल तर वेळ फार थोडा मिळतो. तेव्हा मासिक सभेचा ठराव करून तो स्थानिक आमदाराला आणि संबंधित खात्याच्या सचिवांना त्याच दिवशी ईमेल करा आणि मूळ प्रत पोस्टाने पाठवा. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक प्राधिकारी संस्था मतदारसंघाच्या आहेत, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. ग्रामपंचायत सदस्यांना तिथे मत नाही; मत असते ते नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समिती सभापतींना. तरी स्थानिक संस्थांचा प्रश्न घेऊन जायला तोच आमदार योग्य.

कायदा झाल्यावरही एक संधी उरते. अनेक कायद्यांखालच्या नियमांचा मसुदा आधी राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. फी किती, अर्ज कोणाकडे, मुदत किती दिवसांची, गावाला रोज टोचणाऱ्या या गोष्टी नियमांतच ठरतात. मसुद्यात दिलेली तारीख ओलांडली की हरकत विचारात घेतली जात नाही.

ठराव अडवला जाऊ शकतो का

हो. ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात. महापालिकेचा ठराव राज्य शासन विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. टोकाचे उदाहरण बेळगावचे. तिथल्या महापालिकेने २००५ मध्ये महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. विधेयकातल्या कलमावर मत कळवणाऱ्या ठरावात अंमलबजावणी करायचे असे काही नसते, त्यामुळे तसा धोका फार कमी. मात्र ‘हा कायदा आमच्या हद्दीत लागू होणार नाही’ असे वाक्य मसुद्यात आले तर ते काढा. तो अधिकार ग्रामसभेला नाही आणि त्या एका वाक्यामुळे बाकीचा चांगला ठरावही अडकतो.

पाठवल्यानंतर महिनाभरात पोच आली नाही तर जावक क्रमांक देऊन स्मरणपत्र पाठवा, त्याची प्रत आमदारांच्या कार्यालयात द्या. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘मागील ठरावांवरील कार्यवाही’ या विषयाखाली काय उत्तर आले, ते सभेत वाचून दाखवा. उत्तर आले नसेल तर तशी नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा.