छापखाना इंग्रजांनी आणला? गोव्यात तो आधीच होता

६ जानेवारी आली की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर बाळशास्त्री जांभेकरांना अभिवादन सुरू होतं. बाळशास्त्री आपल्या पोंभुर्ल्याचे, त्यांनी १८३२ साली मुंबईत ‘दर्पण’ हे वर्तमानपत्र काढलं, इथवर सगळं खरं. पण त्याच मेसेजच्या शेपटाला एक वाक्य हमखास चिकटलेलं असतं: ‘छापखाना इंग्रजांनी भारतात आणला.’

हे साफ चूक. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा जन्मही झाला नव्हता. गंमत म्हणजे हे यंत्र आपल्यासाठी निघालंच नव्हतं. ते चाललं होतं ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, वाटेत गोव्यात उतरलं आणि जेझुइट पाद्र्यांनी तिथेच कामाला जुंपलं.

बरं, तिथे फक्त पोर्तुगीज आणि लॅटिनच छापलं जाई असंही नाही. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्याच्या साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी रोमन! कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, तिथे नव्हतेच. म्हणजे छापील मराठी ‘दर्पण’पेक्षा दोनशे वर्षांहून जुनं.

मग गैरसमज रुजला कसा? गोव्यातली छपाई मुख्यतः धर्मप्रसारासाठी होती, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती थंडावली. शाळा, वर्तमानपत्रं, सरकारी पत्रकं यांमधून छापील अक्षर घरोघरी पोचलं ते इंग्रजी अमदानीत. लोकांच्या लक्षात तेच राहिलं.

आणि हो, ‘दर्पण’ही निव्वळ मराठी नव्हतं. पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापत.