प्रसिद्धीप्रमुख ते पत्रकार (ठाणे–नवी मुंबई)

राजकीय नेत्याच्या किंवा पक्षाच्या प्रसिद्धीचे काम सोडून बातमीदारीत येणे. उलटा प्रवास, म्हणजे बातमीदारीतून प्रसिद्धीकडे जाणे, अधिक रुळलेला आहे. प्रसिद्धीतून बातमीदारीत येण्याचे भारतातले ठळक उदाहरण कुलदीप नय्यर यांचे : गोविंद वल्लभ पंत व लालबहादूर शास्त्री यांचे माहिती अधिकारी राहिलेले नय्यर पुढे यूएनआय वृत्तसंस्थेत गेले आणि आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला.

प्रसिद्धीप्रमुखाचा दिवस प्रसिद्धीपत्रकाभोवती फिरतो. स्थानिक पाने लवकर लागतात, म्हणून मजकूर संध्याकाळी पाचच्या आत जावा लागतो : पाऊण पान, दोन छायाचित्रे, मान्यवरांची नावे मानाच्या क्रमाने. एखादे नाव गळले तर रात्री फोन ठरलेला. श्रीलिपी या जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार उडतात नि आडनावे बदलतात, तेही त्याच्याच माथी.

या कामातून मिळणारी खरी पुंजी म्हणजे पत्रकाची भाषा उलगडता येणे. एकाच रस्त्याची बातमी चार वेळा होते : निधी मंजूर, भूमिपूजन, कामाची पाहणी, लोकार्पण. ‘निधी मंजूर’ म्हणजे पुष्कळदा नुसती प्रशासकीय मान्यता; तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) पुढेच असतात. कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख मागितली की पत्रकातले पाणी कळते. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६७(३)(क) दिसले, तर आयुक्तांनी तातडीच्या अधिकारात आधीच उरकलेले काम आता सभेपुढे आले आहे, हेही तो ओळखतो. नवी मुंबईत आणखी एक मेख आहे. भूखंड सिडकोचे (शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे), पाणी महापालिकेचे. पत्रकात मात्र दोन्हीकडे ‘आमच्या पाठपुराव्याला यश’.

पत्रकार झाल्यावर बिघडते ते जुन्या सवयीमुळे. बातमीत ‘शुभहस्ते’ राहून जाते, पहिल्याच परिच्छेदात नेत्याचे वाक्य येते, दुसऱ्या बाजूला फोन होत नाही. विरोधक बराच काळ त्याला ‘साहेबांचा माणूस’च समजतात. साहेबांच्या कार्यालयाने फोन उचलणे बंद केले तर एक वेळ बरे. रोज तयार बातमी मिळू लागली तर धोका मोठा. म्हणून जुना पक्ष आणि त्याचा मतदारसंघ निदान एक निवडणूक होईपर्यंत दुसऱ्या वार्ताहराकडे द्यावा.

जुन्या नोकरीत विश्वासाने कानावर पडलेले तसेच छापू नये. तीच कागदपत्रे माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली नव्याने मागवावीत. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता कामाचे नाव, प्रभाग व वर्ष द्यावे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते.