हेड बोल्ट अंशांत का आवळतात?

आजच्या बहुतेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हेड बोल्टसाठी, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण (हेड) खालच्या ब्लॉकवर दाबून धरणाऱ्या बोल्टसाठी, दोन आकडे असतात. आधी ठरावीक न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं एकक), आणि मग ९० किंवा १८० अंश. हा दुसरा आकडा का आला हे ठाऊक नसलं की तो सहज वगळला जातो, आणि हेड-ब्लॉकच्या मधे गळती रोखणारं नवं कोरं गॅस्केट पुन्हा जातं.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात अनेक इंजिनांना हेड बोल्ट नव्हतेच. सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात यायचे. गळतीची भीती नव्हती, पण साधा कार्बन काढायचा तरी मोठा खटाटोप. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीचं हेड मात्र उतरवता येत होतं. ही सोय हळूहळू सगळीकडे रुळली आणि ज्वलनाचा दाब थोपवण्याचं काम बोल्टांच्या माथी आलं. हे काम किरकोळ नाही. ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये दाब ५० बारला पोचला, की हेड वर उचलू पाहणारं बळ दोन टनांच्या आसपास जातं.

बोल्ट आवळणं म्हणजे त्याला किंचित लांबवणं. लांबलेला बोल्ट स्प्रिंगसारखा मागे यायला बघतो, आणि त्या ओढीनेच हेड ब्लॉकवर दाबलेलं राहतं. ही ओढ मोजायची कशी, हा खरा प्रश्न. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा विभागातल्या कॉनराड बाहर यांनी १९१८ मध्ये नळांच्या जोडांवरचे बोल्ट जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून टॉर्क पाना तयार केला. पुढे गॅरेजांतही असे पाने आले. हाताच्या अंदाजापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण पाना मोजतो फिरवण्याचा जोर, बोल्टमधला ताण नव्हे. त्या जोरातला सुमारे नव्वद टक्के भाग आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जिरतो. एक बोल्ट गंजका आणि शेजारचा तेल लावलेला असेल, तर पाना दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवतो आणि ताण मात्र निराळाच पडतो.

बिडाच्या ब्लॉकवर बिडाचं हेड होतं तोवर हे निभावलं. जुन्या अँबेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन तसलंच. गॅस्केट बसलं की ताण उतरायचा, म्हणून गाडी थोडी चालवून हेड पुन्हा आवळून घ्यायची पद्धत होती. मग अ‍ॅल्युमिनियमची हेडं सर्रास झाली. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम इंजिनात बोल्टवरचा ताण वाढतो, थंड झाल्यावर उतरतो, आणि मधल्यामध्ये गॅस्केट चेपलं जातं.

यावर १९७० आणि ८० च्या दशकांत रुळलेला उपाय म्हणजे अंश. आधी कमी टॉर्कवर सगळे बोल्ट टेकवायचे, मग कोन मोजून फिरवायचे. १.२५ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) बोल्ट ९० अंश फिरला की ०.३१ मिलिमीटर पुढे सरकणारच, आटे कोरडे असोत की तेलकट. रोव्हरच्या १९८८ च्या के-सिरीज इंजिनात हेडपासून थेट खालपर्यंत जाणारे दहा लांब बोल्ट होते. ते २० न्यूटन-मीटरवर टेकवून दोनदा १८० अंश फिरवायचे असत. अनेक इंजिनांत तर बोल्ट मुद्दाम त्याच्या लवचीकपणाच्या मर्यादेपलीकडे नेतात. तिथे पोचल्यावर कोनात थोडा फरक पडला तरी ताण फारसा बदलत नाही, म्हणून सगळे बोल्ट जवळजवळ सारखे ओढतात.

असा बोल्ट कायमचा थोडा लांबतो. म्हणून बहुतेक कंपन्या नवेच घालायला सांगतात, काही लांबी मोजून परत वापरू देतात. जुन्याशेजारी नवा धरून बघा: आट्यांच्या वर कुठे बारीक झाला असेल तर तो फेकून द्या.

बोल्टच्या डोक्यावर १०.९ हा ताकदीचा दर्जा असेल तर ‘त्याहून भारी’ म्हणून दुकानातून १२.९ चा बोल्ट आणण्यातही शहाणपण नाही. तो जास्त ताणापर्यंत टिकतो, त्यामुळे त्याच कोनात तो हेडला ठरल्यापेक्षा जास्त जोराने चेपू शकतो आणि ब्लॉकमधले अ‍ॅल्युमिनियमचे आटे उपटून काढू शकतो.